तू ‘चालेल’ म्हणालीस म्हणून

शुभदा, आधी कामाचं सांगते. आपल्या ट्रॉल्या पास झाल्या.

खाडीपलीकडच्या नव्या विमानतळावर काल चाचणी झाली. पुढे ट्रॅक्टर, मागे एकीला एक जोडलेल्या आपल्या सामानाच्या ट्रॉल्या, प्रत्येकीवर वाळूची पोती रचून भार दिलेला. मी उन्हात उभी होते, डोक्यावर ते पिवळं हेल्मेट, जे घातलं की तू मला भोपळा म्हणायचीस. ट्रॅक्टर सरळ जात होता तोवर मी निवांत होते, कारण सरळ काय, काहीही जातं. वळण आलं तेव्हा मात्र मी शेजारी उभ्या असलेल्या गावडेंचा दंड घट्ट धरला. शेवटची ट्रॉली पुढचीच्या मागोमाग, तिच्याच रेघेवरून वळली. जरासुद्धा शेपूट हलवलं नाही तिनं. तपासणी अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि पाणी प्यायला निघून गेला. गावडे, आपले कुडाळचे फोरमन, मला आयुष्यभर मॅडम म्हणत आले आणि तुला बाय. ते एवढंच म्हणाले, "बाय आज हंय आसाक होयी होती." मी हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं.

तू असतीस तर काय केलं असतंस, ते मला माहीत आहे. शेवटच्या ट्रॉलीपाशी जाऊन उकिडवी बसली असतीस, चाकावर तळहात ठेवून ते किती तापलंय ते बघितलं असतंस आणि ओढणीला हात पुसून म्हणाली असतीस, "चालेल."

तो शब्द आता मला कुणाच्याही तोंडून सहन होत नाही. काल रिक्षावाल्याला सुटे नाहीत म्हटलं, तर तो म्हणाला, "चालेल ताई, राहू द्या." मी त्याच्या अंगावर खेकसले. बिचारा घाबरला.

तुझ्या तेराव्याला तुमच्या मुलुंडच्या घरी सगळे जमले होते. तुझ्या नणंदा, सोसायटीतल्या बायका, श्रीकांतच्या बँकेतले जुने लोक. सगळ्यांचं एकच पालुपद: शुभदा कधी कुणाला नाही म्हणाली नाही. किती समंजस, किती शांत, कधी आवाज नाही, कधी तक्रार नाही. तुझ्या फोटोपुढे बसून मी ते ऐकत होते. रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. तुझा आला. म्हटलं, हीच तर गोची करून ठेवली हिनं. कधी कुणाला नाही म्हणाली नाही, त्याचं लोकांना काय कौतुक! ज्यांनी तुझ्याबरोबर काम केलंय, त्यांना विचारा म्हणावं. म्हणजे मला विचारा.

आपली ओळखच मुळी त्या शब्दानं झाली. सरकारी पॉलिटेक्निक, मेकॅनिकलचा वर्ग, सगळे मुलगे आणि आपण दोघी. मी घाटकोपरच्या पंतनगरमधून आलेली, आईवडील मूळचे बुलढाण्याकडचे, घरात पहिली इंजिनियर होणार म्हणून नाक वर. तू मुलुंडची, वेणी घट्ट, ड्रॉइंगबोर्ड तुझ्याहून मोठा. मी तुझ्या बाकापाशी येऊन विचारलं, "इथे बसते, चालेल?" तू म्हणालीस, "चालेल." किती तरी वर्षांनी, गप्पांच्या ओघात तू सांगितलंस, की ती जागा तुला बोर्डासाठी हवी होती आणि ते वर्षभर तू बोर्ड मांडीवर घेऊन बसायचीस. मी म्हटलं, "मग बोलायचं नाही का गं?" तर तू हसलीस. "तू बसून गेली होतीस," म्हणालीस.

तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. आता नाही वाटत.

मग आपण नोकऱ्या केल्या. तू भांडुपच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला, मी विक्रीत, कारण मला बोलता येतं आणि गप्प बसता येत नाही. एके दिवशी मी सरळ तुझ्या घरी आले. तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस, तोंडात दोन चिमटे. मी उभ्या उभ्या सांगितलं, "नोकरी सोड. साकीनाक्याला एक गाळा भाड्यानं मिळतोय. आपण चाकावर चालणाऱ्या वस्तू बनवायच्या, जे लागेल ते. तू बनव, मी विकते. चालेल?" तू चिमटे तोंडातून काढलेस, एक श्रीकांतच्या शर्टला लावलास, एक बनियनला, आणि म्हणालीस, "चालेल." मी तुला मिठी मारली. ओले कपडे दोघींच्या अंगावर. सासूबाई आतून बघत होत्या.

पहिलं काम गोरेगावच्या एका स्टुडिओचं, आठवतं? दिव्यांचे स्टँड न्यायचं चाकांचं फळकूट. त्यांची एकच अट, चाक बोलता कामा नये. शूटिंग चालू असताना कुंई आवाज आला तर सगळं पुन्हा. तू त्या चार चाकांना रोज कान लावून बसायचीस. नंतर दवाखान्यांची स्ट्रेचरं आली, हॉटेलांच्या गाड्या आल्या, आणि शेवटी, ज्याची विमानं रोज आपल्या डोक्यावरून येजा करायची, तो विमानतळ. गाळा उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली. विमान आलं की बोलणं थांबवायचं, ते गेलं की अर्ध्या वाक्यापासून पुढे सुरू करायचं, ही आपल्या गाळ्यातली रीत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी गंमत वाटायची. दुसऱ्या दिवशी तोही तसंच करायचा.

मला वाटायचं, तुझी सगळी ‘चालेल’ मला ओळखू येतात. लांब ओढलेलं म्हणजे मनापासून. ‘चालेल, चालेल’ असं दोनदा म्हणजे तू ऐकतच नाहीयेस. तुटक, शेवटचा ल गिळलेला, म्हणजे रागावली आहेस, पण सांगणार नाहीस. आणि चाकावर हात ठेवून म्हटलेलं, त्याचा तर प्रश्नच नव्हता. ते इंजिनियरचं ‘चालेल’. म्हणजे वस्तू चालेल, भार पेलेल, वळेल, थांबेल. त्याच्यावर मी डोळे मिटून सौदे केले. दसऱ्याला मी विहारात असायचे आणि तू मशिनींना झेंडूचे हार घालायचीस. तेव्हाही मी विचारलं होतं, "मी तिकडे, तू इकडे, चालेल ना?" आणि तू म्हणालीस, "चालेल, माझ्या वाटचे हार मी घालते, तुझ्या वाटचा पेढा मी खाते." ते लांब ओढलेलं होतं. निदान ते तरी.

मग नवा विमानतळ आला.

आपण कित्येक वर्षं ऐकत होतो, होणार, होणार. आणि मग खरंच व्हायला लागला. विमान उतरल्यावर त्याच्याभोवती जे जे धावतं ते पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं आपल्याला बोलावलं. जिने, ट्रॅक्टर, विमान ढकलायचे दांडे, चाकापुढे लावायचे ठोकळे, सगळं त्यांना हवं होतं आणि थोड्या काळात हवं होतं. आपल्या वाट्याला सामानाच्या ट्रॉल्या आल्या. मी आनंदानं वेडी झाले. जुन्या विमानतळावर आपण कुणाच्या तरी जुन्या ट्रॉल्या दुरुस्त करत आलो होतो. इथे पहिल्या दिवसापासून आपल्या असणार होत्या.

ती जागा बघायला तुला मीच घेऊन गेले. ऐरोलीच्या पुलावरून जाताना तू मला पुऱ्या भरवत होतीस, कारण मी गाडी चालवत होते आणि बोलतही होते. तिथे पोचलो तर नुसती धूळ, क्रेन आणि लांबच्या लांब कुंपण. मी कुंपणाला नाक लावून उभी राहिले. तू मागे गाडीला टेकून. मी वळून म्हटलं, "शुभदा, इकडेच कुठेतरी जागा घेऊ या. साकीनाका बंद करू. सगळं नवं. मोठं. चालेल ना?"

"चालेल."

शेवटचा ल तू गिळला होतास. ते मला कळलं होतं. मी म्हटलं, धूळ गेली असेल घशात. आणि परत येताना मी नव्या गाळ्याला किती दरवाजे असावेत यावर वाशीपर्यंत बोलत होते.

आता चाकांवर येते. मला माहीत आहे, तुला हा विषय नको आहे. पण तू गेलीस म्हणून भांडण संपलं असं नाही. मी अजूनही माझ्या जागी ठाम आहे.

आपल्या नेहमीच्या चाकवाल्यानं ऐनवेळी हात वर केले. मी पनवेलला एका दुसऱ्याच्या गोदामात उभी होते. समोर ढीगभर चाकं, तीच मापं, तोच रंग, लगेच न्या म्हणत होता. मी तुला फोन लावला. मापं सांगितली, रबर कुणाचं ते सांगितलं. विचारलं, "ही घेते. चालेल ना?" पलीकडे गोंगाट होता. कुणाला तरी नावानं हाका मारत होते. तू म्हणालीस, "चालेल." मी विचारलं, "नक्की?" तू म्हणालीस, "हो गं, चालेल."

गाळ्यात ती चाकं सुरेख फिरली. रिकाम्या ट्रॉलीला गावडे एका बोटानं ढकलायचे. फक्त एकदा त्यांनी चाकाचं रबर अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्यां काय खरां नाय." मी म्हटलं, "बाईंनी पास केलंय." विषय संपला.

पहिल्या चाचणीत वाट लागली. भार पडला की रबर दबायचं, आणि वळणावर शेवटची ट्रॉली अशी काही शेपूट हलवायला लागली की बघणारे दोघे बाजूला पळाले. एका खांबाला धडकून ती थांबली. कुणाला लागलं नाही, एवढंच आपलं नशीब. सगळ्या ट्रॉल्या परत. पुढची संधी एकच, असं बजावून परत.

मी तशीच तणतणत गाळ्यात आले. तू पत्र्यावर खडूनं आखत होतीस. मी सगळ्यांसमोर सुरू केलं. "तू म्हणालीस चालेल! मी दोनदा विचारलं तुला!"

तू खडू खाली ठेवलास. "मी चालेल म्हणाले गं. ‘चालेल’ नाही म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे तू घेतलीस तर माझी हरकत नाही, असं म्हणाले. चाक चालेल, असं कुठे म्हणाले? चाक मी पाहिलंसुद्धा नव्हतं."

वेल्डिंगवाले हसले. मलाही, खरं सांगते, आतून हसू फुटत होतं. आपल्या भाषेनंच आपल्याला असं उताणं पाडावं! पण मी इतकी पेटले होते, की हसू दाबलं. "यार शुभदा, तू इंजिनियर आहेस की वहिनी आहेस? मी विचारते तेव्हा मला हरकत नकोय, मला उत्तर हवंय!"

तेव्हा तू काहीतरी बोललीस आणि नेमकं तेव्हाच विमान आलं. तुझे ओठ हलताना दिसले. बराच वेळ हलत होते. आपल्या रीतीनं तू थांबायला हवं होतंस, पण त्या दिवशी तू विमानाच्या आवाजातच बोललीस. ते गेल्यावर मी म्हटलं, "काय? काय म्हणालीस?"

"काही नाही," तू म्हणालीस आणि खडू उचललास.

ते काय होतं, हे मी तुला नंतर तीनतीनदा विचारलं. तू म्हणायचीस, आठवत नाही. तुला सगळं आठवायचं, शुभदा.

आजाराचं तू मला सांगितलंस ते जुनी चाकं काढताना. दोघी जमिनीवर बसलो होतो, तू पान्यानं नट सोडवत होतीस. मी म्हटलं, "तू हल्ली वाळलीस बघ." तू म्हणालीस, "हो, कॅन्सर आहे." आणि नट माझ्या हातात दिलास. जणू पाव शेर भेंडी आणलीये. मी तो नट मुठीत धरून बसले. मग तूच सांगितलंस, की तो चाकांचा फोन आला तेव्हा तू हॉस्पिटलच्या खिडकीसमोर रिपोर्ट घेऊन उभी होतीस.

"मग सांगायचं ना मला!"

"तू चाकांचं विचारत होतीस."

"अगं, मग म्हणायचं, आत्ता नको! फोन ठेव म्हणायचं! मर म्हणायचं मला!"

तू हसलीस. "सवय नाही गं."

मी रडले, तू नाही. तू माझ्या पाठीवर तेलकट हात फिरवलास आणि माझा चांगला कुर्ता खराब केलास. तो मी अजून धुतलेला नाही.

यावर अजूनही माझं म्हणणं आहे, की त्या फोनवर तू चुकलीस. रिपोर्ट हातात असताना माणूस चाकाला होकार देतो? बरं, दिलास. दुसऱ्या दिवशी गाळ्यात येऊन एकदा चाक दाबून बघायचंस. तू म्हणालीस, "तू घेऊन आली होतीस ना." म्हणजे तेच. मी बसून गेले होते आणि तू बोर्ड मांडीवर घेतला होतास. एवढ्या वर्षांत तू काही बदलली नव्हतीस, आणि मला वाटत होतं, आपण कुठल्या कुठे पोचलो.

नवी चाकं तू स्वतः निवडलीस. उपचार सुरू होते, केस गेले होते, तू डोक्याला तो निळा रुमाल बांधून स्टुलावर बसायचीस आणि चाकवाल्याच्या माणसाला तीन वेळा परत पाठवायचीस. तुला तसं कुणाला परत पाठवताना मी पहिल्यांदा बघत होते. गावडे मला म्हणाले, "बाय आता आयकूची नाय." आम्हाला दोघांनाही फार बरं वाटलं होतं. मी मनात म्हटलं, ही सुधारतेय.

मग तुझं येणं थांबलं. मी मुलुंडला यायला लागले. दर वेळी फोटो घेऊन यायचे: रंग दिला, ओढदांडे बसवले, एकमेकींना जोडायचे आकडे घातले. तू बघायचीस, मोबाइल डोळ्यांजवळ न्यायचीस, एखादं वेल्डिंग वाईट असलं तर तेवढं दाखवायचीस. बाकी सगळ्याला तेच उत्तर.

त्या दुपारीही मी घाईत होते. चाचणीची तारीख ठरायची होती, मला खाडीपलीकडे पोचायचं होतं. मी तुझ्या पलंगाच्या कडेला टेकले होते, पर्स खांद्यालाच. म्हटलं, "चल, निघते. उद्या येते निवांत. चालेल?"

"नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तुमच्या मुलुंडला विमानंही इतकी खाली नसतात.

"नाही," तू पुन्हा म्हणालीस. "उद्या नको. आज थांब."

श्रीकांत दारात उभा होता, त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पर्स खाली ठेवली, तिकडे फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि थांबले. संध्याकाळ होईपर्यंत थांबले. याबद्दल मी स्वतःला दोष देणार नाही. तू नाही म्हणालीस आणि मी ऐकलं. आयुष्यात तू एकदाच म्हणालीस आणि मी एकदाच ऐकलं, पण ऐकलं.

दुःख वेगळंच आहे. ती सगळी दुपार मला मिळाली होती आणि मी ती ट्रॉल्यांवर बोलून घालवली. तुझे पाय चेपत होते आणि बोलत होते. आकडे असे, रंग तसा, तो अधिकारी कसा खडूस आहे, जिन्यांचं कामही आपल्याला मिळेल. मध्येच तू डोळे मिटून म्हणालीस, "संघमित्रा, जरा गप्प बस ना." मी खूश झाले! बाहेर जाऊन श्रीकांतला सांगितलं, "आज बाई फॉर्मात आहेत, मला झापतायत." मला ते चांगलं लक्षण वाटलं. खरोखर वाटलं, की आता तू नाही म्हणायला लागली आहेस, आता तू बरी होणार.

मी गप्प बसलेही थोडा वेळ. तेव्हा एक प्रश्न माझ्या घशापर्यंत आला होता. त्या कुंपणापाशी तू शेवटचा ल गिळलास, तेव्हापासून तो माझ्यात कुठेतरी होताच. शुभदा, हे सगळं तुला आवडलं का गं? नोकरी सोडलीस, गाळा, पत्रा, तेल, सासूबाईंचे टोमणे, माझा आरडाओरडा, हा नवा विमानतळ. की मी प्रत्येक वेळी येऊन बसत गेले आणि तू सरकत गेलीस? मी विचारणार होते. तुझा डोळा लागलेला दिसला. म्हटलं, उठली की विचारू. तू उठलीस तेव्हा श्रीकांत भात घेऊन आला, मग तुझी बहीण आली, मग मी निघाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांतचा फोन आला.

काल चाचणीवरून मी थेट मुलुंडला गेले. सांगायचं तुला होतं, पण तू नव्हतीस, मग श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं." मग त्यानं चहा केला. तुझ्याहून वाईट करतो. आम्ही दोघं तुझ्या त्या गॅलरीत बसलो. दोरीवर त्याचे एकट्याचे कपडे होते. मला राहवलं नाही.

"श्रीकांत, एक खरं सांग. तिला हे सगळं हवं होतं का रे? ती कधी बोलली का तुला?"

त्यानं चहावरची साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाला, "मला काय विचारतेस बाई? मला लग्नालापण चालेलच म्हणाली होती."

आम्ही हसलो. शुभदा, तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा हसलो, पार ठसका लागेपर्यंत. समोरच्या गॅलरीतली बाई बघायला लागली. हसता हसता त्याचं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. मी त्याच्या हातातला कप काढून खाली ठेवला. बऱ्याच वेळानं त्यानं शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

"रागावू नको हां," तो म्हणाला. "पण आपण दोघं तिला विचारायचोच तसं. लोणचं आणलंय, चालेल ना? आई आपल्याकडेच राहणार, चालेल ना? नोकरी सोड, चालेल ना? असं विचारल्यावर ती दुसरं काय म्हणणार?"

मी त्या बाकापासून सुरुवात करून एकेक प्रश्न आठवत गेले, तिथे, त्याच्यासमोर बसून. बाक. गाळा. हार. कुंपण. चाकं. प्रत्येक वेळी मी आधीच ठरवून आले होते आणि शेवटी ते दोन शब्द जोडले होते. तुझ्या उत्तरात मी इतकी वर्षं खोट शोधत होते, आणि माझ्या प्रश्नात दुसऱ्या उत्तराला जागाच नव्हती. फक्त एकदा, त्या दुपारी, तू जागा नसताना स्वतःची करून घेतलीस.

जिन्यांचं काम मिळतंय, शुभदा. आज सकाळी फोन आला. गावडे विचारतायत, जागा तिकडे घ्यायची की साकीनाक्यालाच राहायचं. मी त्यांना थांबा म्हटलं. त्यांना वाटतं, मी भाव लावून बघतेय. मी गाळ्यात तुझ्या स्टुलासमोर खुर्ची टाकून बसले आहे. बाहेर वेल्डिंग चालू आहे, वरून विमानं जातायत, आणि मी प्रत्येक विमान जाईपर्यंत थांबतेय. या वेळी मी काही ठरवून आलेले नाही. खरंच नाही. सांग ना.

शुभदा, तुला काय हवं होतं गं?